परळचा कारखाना आणि राईची शेते

इंजिन जुने झाले की भंगारात घालावे आणि कारखाना जुना झाला की त्याची जमीन मोकळी करावी, एवढाच आजच्या राज्यकर्त्यांचा अर्थविचार उरला आहे. परळच्या रेल्वे कारखान्याचा इतिहास या विचाराचे पितळ उघडे पाडतो.

१८७९ साली जी.आय.पी. रेल्वेच्या काळात सुरू झालेला हा कारखाना वाफेच्या इंजिनांबरोबर मेला नाही. तेथील कामगारांनी डिझेल इंजिनांची विद्या आत्मसात केली. यार्डात डबे जोडणारे, सोडवणारे शंटिंग इंजिन प्रवाशांच्या नजरेस क्वचित पडते. परंतु त्याच्यावाचून मालगाडी उभी राहत नाही. असे इंजिन परळला आले की पूर्ण उकलले जाते. झिजलेले लायनर व बेअरिंगे बदलतात, मोटारींची गुंडाळी नव्याने होते, बोगी दुरुस्त होते आणि तेच इंजिन पुन्हा वर्षानुवर्षे यार्डात राबते. पुढे तर सहा सिलिंडरांची डब्ल्यूडीएस-६ इंजिने परळनेच नवी बांधली. हिशेबनिसाच्या वहीत मात्र या कामगारांचे वेतन तेवढे खर्च म्हणून दिसते. त्यांनी वाचवलेले भांडवल कोठेच जमा होत नाही.

विद्युतीकरणानंतर डिझेलची गरज काय, असा प्रश्न विचारला जातो. तो रास्त आहे. परंतु २०१८ साली वाराणसीच्या कारखान्याने जुन्या डिझेल इंजिनांचेच विजेचे इंजिन करून दाखवले. म्हणजे प्रश्न इंधनाचा नसून कौशल्याचा आहे. ते एकदा विखुरले की निविदा काढून परत मिळत नाही.

गेल्या दशकात परळच्या जागेवर टर्मिनस बांधण्याची योजना पुढे आली आणि कामगार विरोधात उभे राहिले. टर्मिनस नको असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसे चेंगरून मेली, हे विसरता येत नाही. पण प्रवाशाला कामगाराविरुद्ध उभे करण्याची ही जुनी चाल ओळखली पाहिजे.

हीच चाल राई गावाने पाहिली. मेट्रो ९ ची कारशेड राई-मुर्धे-मोर्वा परिसरात आणण्याचे ठरले, तेव्हा भूमिपुत्रांना विकासाचे विरोधक ठरवण्यात आले. ते खंबीर राहिले. कारशेड डोंगरीकडे सरकली, तर तेथे झाडांचा बळी मागितला गेला. गाडीला कारशेड हवीच. पण जागा ठरवताना राईच्या शेतकऱ्याला विचारायचे नाही, आणि कारखाना हलवताना परळच्या फिटरलाही नाही!

मे १९७४ च्या वीस दिवसांच्या संपाने रेल्वे कोणाच्या बळावर चालते हे देशाला दाखवले होते. आज मागणी साधी आहे: पर्यायी कारखाना यंत्रांसह आणि कामगारांसह आधी उभा करा, मग परळच्या जमिनीला हात लावा. कार्यकर्त्यांनी ही मागणी परळच्या फाटकावर जशी मांडावी, तशीच राईच्या वेशीवरही मांडावी. दोन्ही लढे एकच आहेत.