समुद्राची राखण



ज्वारी हुरड्यात आली की आपण शेतात माळा घालतो आणि त्यावर राखण्या बसवतो. दिवसभर त्याने गोफण फिरवली, हाकारे दिले, एकही पाखरू कणसावर टिकू दिले नाही, तर संध्याकाळी दाखवायला त्याच्याकडे काय असते? काहीच नाही. कणसे सकाळी होती तशीच संध्याकाळी आहेत, एवढेच. आज अशाच एका राखणीची हकीकत सांगायची आहे. ही राखण पिकाची नाही, माणसांची आहे, आणि ती ऑस्ट्रेलियाच्या समुद्रकिनाऱ्यावर चालते. राखण करणारे पगारी नोकर नाहीत. त्यांत शिक्षक आहेत, सुतार आहेत, नर्सबाई आहेत, कॉलेजची पोरे आहेत आणि गाई पाळणारे शेतकरीसुद्धा आहेत.

तिकडे या मंडळांना सर्फ लाइफसेव्हिंग क्लब म्हणतात. सर्फ म्हणजे किनाऱ्याला येऊन फुटणारी लाट. असे तीनशेच्या वर क्लब त्या देशात आहेत आणि त्यांचे सभासद दोन लाखांच्या घरात आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सिडनीच्या किनाऱ्यांवर दिवसाउजेडी समुद्रात आंघोळ करायला बंदी होती. ते असभ्यपणाचे मानले जाई. १९०२ साली मॅनली येथल्या एका वृत्तपत्राच्या संपादकाने, विल्यम गॉकर त्याचे नाव, आपण अमक्या दिवशी उजेडी पोहणार असे आपल्याच पत्रात छापले आणि तो खरोखरच पाण्यात उतरला. पुढे बंदी सैल झाली. लोक हौसेने समुद्रात उतरू लागले, आणि पोहता येत नसल्याने बुडूही लागले. मग पोहणाऱ्यांनीच एकत्र येऊन मंडळे काढली. बाँडाय किनाऱ्यावरचा क्लब फेब्रुवारी १९०७ चा. शेजारचा ब्राँटी क्लब म्हणतो, आम्ही १९०३ चे, म्हणजे तुमच्या आधीचे. हा वाद अजून मिटलेला नाही. गावातल्या मानाच्या काठीचा वाद तरी कुठे लवकर मिटतो?

त्याच १९०७ च्या जानेवारीत बाँडायला बुडताना वाचवलेल्या मुलांमध्ये नऊ वर्षांचा चार्ल्स किंग्जफर्ड स्मिथ होता. हाच मुलगा पुढे वैमानिक झाला आणि १९२८ साली त्याने अमेरिकेतून ऑस्ट्रेलियापर्यंत पॅसिफिक महासागर विमानाने ओलांडला.

आता या क्लबांचे वर्ष कसे जाते ते पाहू. त्यांचे ऋतू आपल्या उलट. आपल्याकडे मृगाची पेरणी चालू असते तेव्हा तिकडे थंडी पडलेली असते आणि किनारा मोकळा असतो. या दिवसांत क्लबची वार्षिक सभा होते, नवे पदाधिकारी निवडतात, होड्यांची डागडुजी होते आणि वर्षाचा अहवाल मांडला जातो.

अहवाल म्हटला की माझे कान टवकारतात. आम्हा सरकारी माणसांचा निम्मा जन्म अहवाल लिहिण्यात जातो, आणि उद्दिष्ट शंभर टक्के साध्य झाले हे वाक्य आम्हाला झोपेतही लिहिता येते. या क्लबांच्या अहवालात मात्र एक रकाना आहे, तो मला फार आवडला. किती तास पहारा केला, किती जणांना पाण्यातून काढले, किती जणांवर प्रथमोपचार केले हे तर लिहितातच. त्याशिवाय किती वेळा धोका होण्याआधीच अडवला, याचीही नोंद असते. कोणी खोल पाण्याकडे निघाला, त्याला शिट्टी वाजवून मागे बोलावले. आईचे लक्ष नसताना पोर लाटेकडे धावले, त्याला हात धरून आणले. यात कुणाचे प्राण वाचले असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरी ते लिहून ठेवतात, आणि बहुतेक ठिकाणी हा आकडा वाचवलेल्यांच्या आकड्याच्या कितीतरी पट असतो. तुम्ही बियाण्याला औषध चोळून पेरले आणि काणी आली नाही, तर गावात त्याची चर्चा होत नाही. शेजाऱ्याने रोग आल्यावर पंप पाठीला लावून चार फवारण्या केल्या की सगळे त्याचे कौतुक करतात. माझ्या मते एखादा क्लब चांगला चालला की नाही हे पाहायचे तर तो अडवलेल्या धोक्यांचा रकाना आधी वाचावा.

थंडीत अंग आखडू नये म्हणून बाँडायच्या जीवरक्षकांनी १९२९ साली आणखी एक मंडळ काढले, बाँडाय आइसबर्ग्ज. त्याच्या सभासदाने चार रविवारांपैकी तीन रविवार थंड पाण्यात पोहायचे, आणि असे पाच वर्षे करायचे, असा नियम. वारी न चुकवणाऱ्या माळकऱ्यालाच हे समजेल.

सप्टेंबर उजाडला की कामाला वेग येतो. जीवरक्षक व्हायचे तर ब्राँझ मेडॅलियन नावाची परीक्षा द्यावी लागते. वय निदान १५ हवे. ४०० मीटर अंतर ९ मिनिटांत पोहायचे. शिवाय २०० मीटर धावणे, २०० मीटर समुद्रात पोहणे आणि पुन्हा २०० मीटर धावणे, हे सगळे मिळून ८ मिनिटांत. ज्याने ही परीक्षा वीस वर्षांपूर्वी दिली त्यालाही दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत आपली तयारी पुन्हा दाखवावी लागते. मागल्या वर्षी येत होते म्हणजे यंदाही येईल असे कोणी धरून चालत नाही.

सिडनीच्या बाजूला सप्टेंबरअखेर झेंडे उभारतात आणि २५ एप्रिलला उतरवतात. या सात महिन्यांत शनिवार-रविवार आणि सुटीचे दिवस स्वयंसेवकांचे. मोठ्या किनाऱ्यांवर इतर दिवशी नगरपालिकेचे पगारी रक्षक असतात. कालव्याच्या पाण्याच्या जशा पाळ्या लागतात तशा यांच्या पाळ्या लागतात, प्रत्येक पाळीला एक प्रमुख असतो. सकाळी आल्यावर तो आधी पाणी वाचतो आणि मग लाल-पिवळे दोन झेंडे वाळूत रोवतो. या दोन झेंड्यांच्या मध्येच पोहायचे, हा सगळ्या देशाचा नियम. भरती-ओहोटीप्रमाणे पाणी बदलले की झेंडेही हलतात.

पाणी वाचायचे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावणे सोपे आहे. मोठा पाऊस झाला की बांधाच्या आत पाणी साचते, आणि जिथे बांध खचलेला असतो तिथून ते सगळे एका धारेने निघून जाते. समुद्रातही तसेच. लाटा पाणी किनाऱ्याकडे लोटत राहतात, ते वाळूच्या दांड्याच्या आत तुंबते आणि दांड्याला जिथे खिंड असेल तिथून जोराने आत, खोल समुद्राकडे परतते. इंग्रजीत याला रिप म्हणतात, आपण ओढ म्हणू. फसवणूक अशी की या खिंडीत लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये शांत, गडद पाणी. नवखा माणूस म्हणतो, हीच जागा बरी, इथे लाटा नाहीत, आणि तिथेच उतरतो. ओढीत सापडल्यावर किनाऱ्याकडे तोंड करून तिच्याशी झगडला की तो दमतो आणि बुडतो. जीवरक्षक शिकवतात ते असे: घाबरू नका, अंग पाण्यावर तरंगते ठेवा, हात वर करून मदत मागा, आणि पोहता येत असेल तर ओढीला आडवे, किनाऱ्याला समांतर निघा.

ही ओढ काय करते ते बाँडायने ६ फेब्रुवारी १९३८ च्या रविवारी पाहिले. एकामागून एक मोठ्या लाटा आल्या आणि शेकडो माणसे एकदम आत खेचली गेली. नशीब इतकेच की क्लबच्या शर्यतीसाठी जमलेले जीवरक्षक किनाऱ्यावरच होते. त्यांनी सुमारे अडीचशे जणांना बाहेर काढले. पाच जण गेले.

त्या काळी एक जण कमरेला पट्टा बांधून पोहत जाई आणि मागचे लोक मोठ्या रहाटावरून दोर सोडत. पुढे रबरी मोटरहोड्या आल्या. आता ड्रोन आले आहेत. जानेवारी २०१८ मध्ये लेनॉक्स हेड येथे दोन मुले लाटांत सापडली, तेव्हा ड्रोनने वरून एक फुगणारा तराफा टाकला आणि त्याला धरून ती किनाऱ्याला लागली. बायकांना मात्र या क्लबांत बरोबरीने पहारा करण्याची मुभा मिळायला १९८० साल उजाडावे लागले. महायुद्धाच्या काळात पुरुष लढाईवर गेले होते तेव्हा किनारे त्यांनीच राखले होते, हे विशेष.

क्लबाची खरी शाळा रविवारी सकाळी भरते. पाच ते तेरा वर्षांची मुले, त्यांना निपर्स म्हणतात, वाळूत गोळा होतात. वाळूवर पालथे पडायचे, शिट्टी झाली की उठून मागे वळायचे, धावत जाऊन वाळूत रोवलेली काठी पकडायची. काठ्या मुलांपेक्षा कमी. आपली संगीत खुर्चीच, फक्त खुर्च्या नाहीत. खेळता खेळता पोर लाट ओळखायला, ओढ ओळखायला शिकते. मुलाला सोडायला आलेला बाप पहिल्या वर्षी कडेला चहा पीत बसतो, दुसऱ्या वर्षी कोणीतरी त्याच्या हातात काम देते, आणि बघता बघता तोही परीक्षेला बसतो. नवे सभासद मिळवण्याची ही युक्ती आपल्या दूध सोसायट्यांनीही पाहावी.

मार्च-एप्रिलच्या सुमारास देशपातळीवरच्या स्पर्धा होतात. सर्वांत देखणी शर्यत होड्यांची. चार वल्हेकरी आणि मागे उभा राहून सुकाणू धरणारा एक तांडेल. पण ठरलेले पहाऱ्याचे तास भरल्याशिवाय स्पर्धेत उतरता येत नाही. बक्षिसे हवी तर आधी उन्हात उभे राहा, असा रोकडा हिशेब. पैशाचे म्हणाल तर सभासद वर्गणी भरतात, म्हणजे खिशातले देऊन वर फुकट काम करतात. बाकी सरकारी मदत, देणग्या, सोडतीची तिकिटे आणि सुटीच्या दिवशी सॉसेज भाजून विकणे.

हे सगळे वाचताना मौजेचे वाटेल. म्हणून व्हिक्टोरिया राज्यातल्या पोर्ट कॅम्पबेल या लहान गावची गोष्ट सांगितली पाहिजे. हा मुलूख दुभत्या गाईंचा. २१ एप्रिल २०१९, ईस्टरचा रविवार. जवळच्या एका नदीच्या मुखाशी एक पर्यटक समुद्रात ओढला गेल्याची खबर आली. क्लबची होडी घेऊन तिघे निघाले. त्यांतले दोघे बापलेक, दूधधंद्यातले, क्लबचे जुने स्वयंसेवक. बापाने सत्तरी ओलांडलेली. खवळलेल्या पाण्यात होडी उलटली. पर्यटक वाचला, तिसरा सोबती जखमी होऊन वाचला. बाप आणि लेक दोघेही गेले. गोठा सांभाळणाऱ्या घरातले दोन कर्ते पुरुष एका सकाळी जाणे म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आपल्या माणसांचाही या किनाऱ्यांशी संबंध येतो. शिकायला, नोकरीला मुले तिकडे जातात, त्यांना भेटायला आईवडील जातात. २४ जानेवारी २०२४ रोजी फिलिप बेटावर, जिथे पहारा नव्हता अशा किनाऱ्यावर, भारतीय वंशाची, नात्यातली चार माणसे बुडाली. तुमच्या घरचे कोणी तिकडे असेल तर फोनवर एवढे जरूर सांगा, की लाल-पिवळे झेंडे दिसले नाहीत तर पाण्यात उतरू नकोस. गोव्याच्या किनाऱ्यांवरही २००८ पासून पगारी जीवरक्षक आहेत आणि तिथेही हेच लाल-पिवळे झेंडे दिसतात. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचे नाही. कोकणात सहलीला गेल्यावर मास्तरांनी आणि मुलांनी गावच्या कोळ्यांचे ऐकावे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडला सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले, ते आपण विसरलेलो नाही.

पण आपल्या शिवारात समुद्र नाही, शेततळे आहे. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, त्यावर शेवाळ धरलेले, कडा निसरड्या. पट्टीचा पोहणारासुद्धा त्यातून वर चढू शकत नाही. एक पाय घसरून पडतो, त्याला काढायला दुसरा उडी घेतो, आणि दोघेही जातात. त्या क्लबांत पहिला धडा हाच असतो की पाण्यात उतरण्याआधी धरायला काही फेकता येते का ते पाहा.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार करू नयेत. त्यात मोलाची मिनिटे जातात. एकाने १०८ ला फोन लावावा. श्वास चालत नसेल तर दुसऱ्याने त्याला सपाट जमिनीवर उताणे निजवून, नाक चिमटीत धरून, तोंडाने श्वास द्यावा आणि छातीच्या मधोमध जोराने दाब द्यावेत. तीस दाब, मग दोन श्वास, असे मदत येईपर्यंत. हे एकदा डॉक्टरांकडून किंवा शिकलेल्या माणसाकडून प्रत्यक्ष करून घ्यावे.

शेततळ्याला कुंपण आणि कुलूप असावेच. कुंपणाच्या आत एक रिकामा, बूच घट्ट बसवलेला वीस लिटरचा कॅन तीस-चाळीस फूट दोरीला बांधून टांगून ठेवावा, म्हणजे पडलेल्याकडे तो फेकता येईल. शिवाय चारही बाजूंना मजबूत खुंट्या ठोकून, हातभर अंतरावर गाठी मारलेला जाड दोर उतारावरून आत सोडावा. हा दोर तळापर्यंत पोचेल इतका लांब घ्या. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की आखूड दोर वरच लोंबकळतो आणि बुडणाऱ्याच्या हाताला लागत नाही.