चुलीवरचा वारसा

मुलानें बापाचा धंदा चालवावा कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या वाचकांच्या घरांतून वारंवार निघतो व बहुधा उत्तरावांचूनच मिटतो. घर, दागिने, भांडींकुंडीं यांची वांटणी करतां येते; पण अंगीं मुरलेल्या कामाचा वारसा कसा द्यावयाचा ? स्वित्झर्लंडमधील कांहीं गोपालक कुटुंबांची हकीकत या बाबतींत आम्हांस बोधप्रद वाटली, ती येथें सादर करतों.

त्या देशाच्या व्हो प्रांतांत, आल्प्स पर्वताच्या कुशींत, लेतिवा नांवाचें खेडें आहे. तेथील चीजासहि तेंच नांव आहे. सुमारें सत्तर कुटुंबें तें करितात. तेंहि १० मे ते १० ऑक्टोबर एवढ्याच अवधींत, गाई १००० ते २००० मीटर उंचीवरील कुरणांत चरत असतांना. खालचें गवत संपलें कीं सारें बिऱ्हाड गाईंसह वरच्या कुरणांत जातें. रात्रभर ठेवलेलें संध्याकाळचें दूध सकाळच्या दुधांत मिसळून तें तांब्याच्या मोठ्या कढईंत लांकडाच्या जाळावर तापवितात. दुसरें इंधन चालत नाहीं, चूलच पाहिजे. कढई आडव्या दांड्याला टांगलेली असते. ऊब पुरेशी झाली कीं ती जाळावरून बाजूस फिरवावयाची. तो क्षण ओळखण्याची नजर पुस्तकांतून येत नाहीं. आईबापांच्या शेजारीं उभें राहूनच ती मुलांस लाभते.

दूध थिजविण्यास वासराच्या जठरांतील रस लागतो. तेव्हां हा पदार्थ आमच्या पुष्कळ वाचकांस वर्ज्यच वाटेल, आणि तो त्यांनीं चाखावा असा आमचा आग्रहहि नाहीं. आमचें लक्ष आहे तें करणाऱ्यांकडे.

हें चीज निदान १३५ दिवस मुरावें लागतें. १९३२ सालीं या कुटुंबांनीं सहकारी संस्था काढली, आणि पुढें मुरविण्यासाठीं सामायिक तळघर बांधलें. गाई ज्याच्या त्याच्या, कढई ज्याची त्याची, हात ज्याचा त्याचा. मुरण्याची जागा मात्र एक! खरी कसोटी पुढेंच होती. १९१४ ते १९९९ या काळांत त्या देशांतील चीजाची खरेदी व भाव एका मध्यवर्ती संघाच्या हातीं होते. सरकारी नियमांमुळें ग्रुयेर चीजाचा जुना कस उतरत चालला आहे, असें या कुटुंबांस वाटलें. तेव्हां १९८० नंतरच्या दशकांत तीं त्या योजनेंतून बाहेर पडलीं. उतरला कस पत्करण्यापेक्षां त्यांनीं धोका पत्करला, आणि आपल्या चीजाला आपल्या खेड्याचें नांव दिलें. २०२३ सालीं युनेस्कोनें स्वित्झर्लंडमधील या उन्हाळी कुरण-जीवनाचा मानवजातीच्या अमूर्त वारशांत समावेश केला.

हें वाचून आम्हांस आमच्या आजोळचा गोठा आठवला. गाय व्याली कीं खरवसाच्या वड्या सगळ्या आळींत जात. आज त्या जागीं मोटार उभी असते. मुलें शिकलीं, दूरदेशीं गेलीं, सुखी आहेत. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. उलट दोष द्यावयाचाच तर आपणांसच दिला पाहिजे. "अभ्यास केला नाहींस तर जन्मभर शेण काढावें लागेल," हें वाक्य आम्हीं लहानपणीं ऐकलें आणि मोठेपणीं जसेंच्या तसें मुलांना ऐकविलें. ज्या घरांत काम शिक्षा म्हणून सांगितलें जातें, त्या घरांत त्या कामाला वारस कोठून मिळावा ?

सर्वांनींच पुन: गोठे बांधावे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु प्रत्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्यांचें असें एखादें काम असतेंच. मसाला असो, लोणचें असो, वा वैद्यकीची वही असो. निदान त्याचें नांव तरी मुलांपुढें धाक म्हणून काढूं नये. तीं तें उचलतील न उचलतील, तो त्यांचा प्रश्न. पण चुलीपाशीं त्यांना उभें राहूं देणें हें मात्र आपल्या हातीं आहे.