चारशे सीसी म्हणजे किती?

परवा घाटकोपरला आमच्या सोसायटीच्या गेटवर दादामंडळींची चर्चा रंगली होती. पहिली 'मोठी' मोटरसायकल कोणती घ्यायची? एकजण अडून बसला ट्रायम्फ स्पीड ४०० वर. नाव ब्रिटिश, पण जुलै २०२३ मध्ये आलेली ही गाडी बनवली बजाजने, आपल्या पुण्याजवळच्या चाकणला!

सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. पिस्टन खालून वर सरकताना सिलिंडरमधली जेवढी जागा व्यापतो, तेवढी. स्पीडमध्ये ती ३९८, अर्ध्या लिटरच्या बाटलीपेक्षा थोडी कमी. बाबांच्या स्प्लेंडरमध्ये ९७, म्हणजे चहाचा लहानसा कप! जागा चौपट, पण ताकद पाचपट. आठच्या जागी चाळीस हॉर्सपॉवर, बरं का.

नवशिक्याला घाम फुटतो तो मात्र वजनाने. २०२३ च्या मॉडेलचं १७६ किलो, म्हणजे सिमेंटच्या साडेतीन गोण्या! अंधेरी-कुर्ला रोडच्या गर्दीत चालण्याच्या वेगाने हे धूड तोलायचं, तर दोन्ही पाय जमिनीला नीट टेकायला हवेत. त्या मॉडेलच्या सीटची उंची ७९ सेंटिमीटर होती, म्हणून बऱ्याच जणांना ते जमतं. तरी मला विचाराल तर आधी वर्षभर स्प्लेंडरच बरी.

गिअरच्या गाडीचं लायसन्स अठरा पूर्ण झाल्यावरच मिळतं. आईबाबा, तुम्हीही वाचा: त्याआधी मुलाने गाडी चालवली, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकांना २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आज घरच्या गाडीचं आरसी बुक काढा. त्यात सीसी लिहिलेले असतात. तेवढे मिलिलिटर पाणी मापाने भांड्यात ओतून बघा.