वेग मोठा की मेळ मोठा?

हुबळीहून पुण्याला जाणाऱ्या प्रवाशाला एके काळी मिरजेस गाडी बदलावी लागे. इकडचा लोहमार्ग मीटरगेज, तिकडचा ब्रॉडगेज. १९९० च्या दशकात इकडचा मार्गही रुंद झाला आणि ती यातायात संपली. इंजिन कितीही जोरदार असो, रूळ जुळले नाहीत तर त्याचा जोर मिरजेपर्यंतच! टेलिफोनच्या तारेवरून बोलणाऱ्या मॉडेमची कथा याहून निराळी नाही.

संगणकातील माहिती ध्वनीच्या रूपाने टेलिफोनवरून धाडायची व पलीकडे त्या ध्वनीची पुन्हा माहिती करायची, हे मॉडेमचे काम. त्यासाठी दोन्ही टोकांना एकच संकेतपद्धती अवगत हवी. १९८४ साली सी.सी.आय.टी.टी. या आंतरराष्ट्रीय संस्थेने सेकंदाला ९,६०० बिटांची 'व्ही.३२' ही प्रमाण पद्धती ठरवली. तीत दोन्ही दिशांना एकाच वेळी पूर्ण वेग मिळे. पण स्वतःच्याच आवाजाचा प्रतिध्वनी वजा करावा लागत असल्याने यंत्र महाग पडे. १९८६ मध्ये यू.एस. रोबोटिक्स कंपनीने त्यावर स्वस्त तोड काढली. तिच्या 'एच.एस.टी.' पद्धतीत एका दिशेला ९,६०० चा वेग, तर उलट दिशेला प्रारंभी अवघा ३०० चा. युक्ती नामी होती. मात्र हा वेग हवा तर पलीकडेही 'एच.एस.टी.' जाणणारेच मॉडेम हवे!

१९९७ साली तोच खेळ पुन्हा रंगला. यू.एस. रोबोटिक्सची 'एक्स-२' आणि रॉकवेल व ल्यूसेंट यांची 'के-५६-फ्लेक्स', दोन्ही ५६,००० चा वेग सांगत. परंतु एकीला दुसरीची भाषा कळत नसे. जोडी जमली नाही तर ३३,६०० वरच समाधान मानावे लागे. अखेर सप्टेंबर १९९८ मध्ये 'व्ही.९०' हे समाईक प्रमाण मंजूर झाले.

कोणी म्हणेल, प्रमाणाची वाट पाहत बसलो तर संशोधनच खुंटेल. हे म्हणणे अर्धे खरे आहे. स्पर्धेमुळे नव्या कल्पना लवकर बाजारात येतात, हे नाकारता येणार नाही. पण त्या चुरशीची किंमत मोजतो कोण? श्रीमंत संस्था दोन्ही यंत्रे घेऊ शकते. पै-पै जमवून एकच यंत्र घेणारा मात्र अडकून पडतो.

मित्रहो, डायल-अप मॉडेम आज अडगळीत गेले, प्रश्न गेलेला नाही. मराठी आणि कन्नड लेखनाचेच पाहा. कंपनीगणिक निराळ्या संकेतांच्या फाँटमध्ये टंकलेला जुना लेख दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरी व कन्नड या दोन्ही लिप्यांना स्थान आहे. तेव्हा आपल्यासारख्या द्विभाषिक नियतकालिकाने त्याच प्रमाणाचा आग्रह धरावा आणि जुने अंकही त्यात उतरवून ठेवावेत. महाविद्यालयाने कोणतेही यंत्र घेताना, 'हे केवढ्याला?' असे विचारण्याआधी 'हे इतरांशी बोलते का?' असे विचारावे. जे आपल्याच घराण्याशी बोलते, ते स्वस्त असूनही महागच पडते.