चाकांना कल्हई की नवी चाकं?



मला गाडी चालवता येत नाही. साठी उलटून चार वर्षं झाली, आता शिकेन असंही वाटत नाही. तरी आजचा लेख मोटारीच्या चाकांवर आहे. कंटाळा आला तर मधेच सोडून द्या, पण कल्हईपर्यंत तरी या.

मागच्या वर्षी दशलक्षण पर्वात मी न्यू जर्सीला मुलाकडे होते. त्याच्याकडे घरच्या मोटारीशिवाय एक छोटी लाल स्पोर्ट्स कार आहे, माझदा मियाटा. दोनच माणसं बसतात, छप्पर मागे घडी करून ठेवता येतं. कंपनीने हे मॉडेल १९८९ मध्ये आणलं, याची गाडी १९९४ ची. जुनीच घेतली आणि स्वतः दुरुस्त करत वापरतो. सूनबाई हसून तिला ‘माझी सवत’ म्हणतात.

एका रविवारी त्याने मला त्या गाडीतून ब्लेअर्सटाउनच्या सिद्धाचलमला दर्शनाला नेलं. आचार्य सुशीलकुमारजींनी १९८३ मध्ये स्थापलेलं हे तीर्थ झाडीत, शांत जागी आहे. जाताना हायवेवर वेग वाढला की स्टिअरिंग थरथरायचं. मी णमोकार म्हणत बसले. तो म्हणाला, “आई, चाकं खराब झालीत. नवी घेऊ की हीच पुन्हा करून घेऊ, ठरत नाही. तू बी.कॉम. आहेस, सांग आता.”

त्याने गमतीत विचारलं. मी मात्र मनावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर चाकवाल्याच्या दुकानात गेले.

चार चाकांची चार दुखणी निघाली. दोन चाकं फुटपाथच्या कडेला घासली होती. कडेचा चंदेरी रंग गेला होता, बाकी ठणठणीत. तिसऱ्याला मिठाने खाल्लं होतं. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. लॅकरला कुठे टवका गेला की ते खारट पाणी आत शिरतं, आतलं अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडतं आणि वरचा थर पापडासारखा फुगून सुटतो. टायर जिथे रिमला चिकटून बसतो, तिथेही हीच पांढरी खपली होती. म्हणून आठ दिवसांत हवा उतरायची.

चौथं चाक बाहेरून सगळ्यात देखणं. दुकानदाराने ते उलटं करून आतली बाजू दाखवली. तिथे केसासारखी भेग होती आणि कड थोडी वाकलेली. कधीतरी खड्ड्यात आपटलं असणार. थरथर त्याचीच होती.

मुलाच्या मनात काळी, एक इंच मोठी, नवी चारही चाकं होती. माझं मत तेव्हा होतं तेच आज आहे. आपण ‘दुरुस्त की नवं’ एवढंच विचारतो आणि तिसरा पर्याय विसरतो, तो म्हणजे आहे तसं राहू देणं. दुसरं असं की चारही चाकांना एकच न्याय लावायचं कारण नाही.

आधी हिशोब सांगते. कॉलेजात आम्हाला महसुली खर्च आणि भांडवली खर्च शिकवला होता. वस्तू चालू ठेवायला लागतो तो महसुली, नवी मालमत्ता उभी करतो तो भांडवली. चाकं पुन्हा करायला, म्हणजे जुना थर काढून, घासून, पावडर कोटिंग करून भट्टीतून काढायला, एका चाकाचे १४० डॉलर सांगितले. चारांचे ५६०. नवी चाकं प्रत्येकी १८०, म्हणजे ७२०. फरक १६० चा. मुलगा म्हणाला, “एवढ्यासाठी कशाला जुनं?” मी विचारलं, “आणि हे टायर त्यांना बसतील?” बसणार नव्हते. चाक चौदा इंचांवरून पंधरावर गेलं की टायरही नवे, त्यांचे ४४० वेगळे. एकूण ११६०. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, त्यावरून तो कितव्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते कळतं. त्याचे टायर दोनच वर्षांचे होते. चांगले टायर काढून टाकायला लावणारी खरेदी स्वस्त कशी?

मुलाची बाजूही सांगायला हवी. चौदा इंची टायरांत आता निवड कमी मिळते, हे त्याचं म्हणणं खरं आहे. टायर झिजले असते तर मी कदाचित त्याच्याच बाजूने बोलले असते. पण त्याची मूळ चाकं एकेक साडेपाच किलोच्या आसपास, फार हलकी आहेत. चाक हलकं असलं की खड्ड्यात ते चटकन खालीवर होतं आणि गाडी रस्ता धरून ठेवते. बाजारातली स्वस्त चाकं बरेचदा जड असतात. देखणेपणासाठी गाडीचा मूळ गुणच घालवायचा का?

आता आपल्या धर्माचं. श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरती आहे. प्रयोजन नसताना केलेली हिंसा सोडायची. त्यात प्रमादचर्या येते, म्हणजे उगाच जमीन खणणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं. एक किलो नवं अ‍ॅल्युमिनियम काढायला सुमारे १४ युनिट वीज लागते. चार चाकांचे बावीस किलो धरले तर तीनशे युनिट, आमच्या सांगलीच्या घराचं दोन महिन्यांचं बिल! त्याआधी बॉक्साइटसाठी डोंगर खणला जातो तो वेगळाच. जुनं वितळवून पुन्हा वापरलं तर वीज विसाव्या हिश्श्याइतकी लागते, म्हणून मोडीत दिलेलं चाक वाया जात नाही, हेही खरं. आणि दुरुस्तीलाही रसायनं लागतात, भट्टी लागते. पृथ्वीकाय, अग्निकाय जीवांची विराधना दोन्हीकडे आहे. म्हणून तर नुसती कड घासलेल्या दोन चाकांना हात न लावणं मला सगळ्यात बरं वाटलं.

आपल्या आया-आज्या पितळेच्या पातेल्याला वर्षानुवर्षं कल्हई करत आल्या. पातेलं जुनं दिसतं म्हणून नव्हे, अन्न कळकू नये म्हणून. तिसऱ्या चाकाचं तसंच. ते आतून शाबूत होतं, त्याला कल्हई हवी होती.

पण चौथ्याचं काय? दुकानदार म्हणाला, भेग वेल्डिंगने बुजवता येईल, फक्त साठ डॉलर. इथे मी, सगळ्यात काटकसरी बाई, ठाम ‘नाही’ म्हणाले.

त्याला कारण आहे. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह जुना झाला होता. ह्यांनी दोनदा सांगितलं, बदल. मी म्हटलं, चालतोय की अजून. एका सकाळी झाकण उडालं आणि उकळतं वरण धाकट्या जाऊबाईंच्या हातावर पडलं. डाग अजून आहे. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण दर क्षमावाणीला त्यांच्यासमोर हात जोडताना माझी नजर त्या मनगटावर जाते. मी ज्याला काटकसर म्हणत होते तो निव्वळ प्रमाद होता.

बऱ्याच अ‍ॅलॉय चाकांना कारखान्यात ठरावीक उष्णता देऊन बळकटी आणलेली असते. वेल्डिंगच्या आचेने नेमकी त्या जागची ताकद कमी होते. वरून रंग दिला की भेग दिसेनाशी होते, तेवढंच. ज्या चाकावर मुलगा ताशी शंभर किलोमीटरने जाणार, तिथे साठ डॉलर वाचवून मी काय मिळवणार?

शेवटी असं ठरलं. चौथं चाक मोडीत. त्याच्या जागी त्याच नमुन्याचं जुनं चाक ९० डॉलरला मिळालं. घेण्याआधी दुकानदाराने मशीनवर फिरवून सरळ आहे का ते पाहिलं. त्यावर ‘जेडब्ल्यूएल’ ही जपानी मानकाची खूणही होती. तिसरं चाक पुन्हा करून घेतलं, नट बसतात त्या जागी जाड थर देऊ नका असं बजावून, कारण त्याने नट सैल पडतात. टायर बसवणं आणि बॅलन्सिंग धरून एकूण २९० डॉलर. शे-दीडशे किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळले. राहिली दोन घासलेली. त्यांना मुलाने आणि नातीने एका शनिवारी पॉलिशपेपरने घासून हाताने रंग लावला. जवळून पाहिलं तर कळतं. पाहू देत!

उत्तम आकिंचन्याच्या दिवशी आपण ‘माझं काही नाही’ असं म्हणतो आणि घरी येऊन सोफ्याचा रंग भिंतीला जुळत नाही म्हणून नवा बघतो. मीही त्यातलीच आहे. मला वाटतं, अपरिग्रह म्हणजे वस्तू फेकणं नाही, तसंच तिला कवटाळून बसणंही नाही. मोह नव्याचा असतो तसा जुन्याचाही असतो, माझा तो कुकरचा व्हॉल्व्ह त्या दुसऱ्या मोहातलाच.

तेव्हा घरातली एखादी वस्तू काढायची की ठेवायची असा प्रश्न पडला, तर आधी ती उलटी करून आतली बाजू बघा. बाहेरचा ओरखडा थांबू शकतो, आतल्या भेगेला मात्र उद्यावर टाकू नका. आणि स्वयंपाकघरात जाल तेव्हा कुकरचा व्हॉल्व्ह आजच बघून घ्या.

जय जिनेंद्र.