भिंतीवरचे तांबडे गोल

कडेगावातल्या एका घरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर काही तारखांभोवती तांबड्या पेनाचे गोल आहेत. गोल म्हणजे त्या दिवशी पोराला फिट आली. शेजारी बारीक ‘रा’ असेल तर रात्री, ‘प’ असेल तर पडला, लागलं. सातवी शिकलेल्या आईनं ही पद्धत स्वतःच बसवली. परवा तिनं विचारलं, “डॉक्टर, मेंदूला करंट देऊन फिट थांबवत्यात म्हणं. आमच्या पोराला हुईल का?”

त्या करंटनं फिट साफ थांबतील अशी आशा मी तिला दिली नाही. कमी होतात, हे खरं आहे.

आधी एक गोष्ट तपासावी लागते. नीट निवडलेली, पुरेशा मात्रेत आणि नियमित घेतलेली दोन औषधं देऊनही फिट आटोक्यात येत नसतील, तर त्याला औषधाला दाद न देणारा अपस्मार म्हणायचं, ही व्याख्या २०१० पासून जगभर मानतात. साधारण तीनातल्या एका रुग्णाची ही गत असते. पण आपल्याकडे ‘नियमित’ या शब्दावरच गाडं अडतं. सहा महिने फिट आली नाही की गोळी बंद होते. शेतीची लाइट रात्रीची असली की पोरगा बारा वाजता दारं धरायला जातो, झोप मोडते, आणि पहाटे बांधावर फिट येते. जागरण हे फिटचं मोठं निमित्त आहे. याला मशीन नको, रात्रीचं पाणी दुसऱ्या कुणी धरायला हवं.

हे सगळं पाळूनही गोल कमी होत नसतील, तर पुढची पायरी शस्त्रक्रियेची. मेंदूतल्या एकाच जागेतून फिट उठत असेल तर ती जागा काढता येते का, ते एमआरआय आणि व्हिडिओ ईईजीवरून ठरतं. कानाजवळच्या भागातून उठणाऱ्या फिटवर कॅनडात अभ्यास झाला, तो २००१ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानं शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के रुग्ण भान हरपणाऱ्या फिटपासून मुक्त होते, नुसत्या औषधांच्या गटात ८ टक्के. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत ही शस्त्रक्रिया १९९५ पासून होते, मुंबईत केईएममध्येही होते. तरी माणसं तिथं पोचतात ती पंधरा-वीस वर्षं फिट सोसून. याचा मला फार त्रास होतो.

जागा सापडत नाही किंवा काढता येत नाही, तेव्हा करंटचा विचार. एका प्रकारात डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली छोटं यंत्र बसवतात आणि तिथून निघालेली तार मानेतल्या व्हेगस नसेला गुंडाळतात. साधारणपणे दर पाच मिनिटांनी तीस सेकंद हलका करंट जातो. फिट येणार असं जाणवलं की मनगटावरचं चुंबक छातीवरून फिरवायचं, जादा झटका मिळतो. करंट चालू असताना आवाज घोगरा होतो. दुसऱ्या प्रकारात तारा थेट मेंदूच्या आत, थॅलॅमसपर्यंत जातात. अमेरिकेत ११० रुग्णांवर त्याची चाचणी झाली. मध्यकाच्या हिशेबानं फिट पहिल्या वर्षाअखेर ४१ टक्के आणि पाचव्या वर्षी ६९ टक्के कमी झाल्या. गुण असा सावकाश येतो. गोळ्या चालूच राहतात, खर्च लाखांत जातो, बॅटरी बदलावी लागते, आणि करंट कमीजास्त करायला पुनःपुन्हा मोठ्या शहरात जावं लागतं. ऊसतोडीच्या घरानं हे कसं निभवायचं?

म्हणून माझी मागणी आधी साधी आहे. तालुक्याच्या दवाखान्यात फिटच्या गोळ्या एक दिवसही संपू नयेत, महिन्यातून एकदा मेंदूविकारतज्ज्ञ तिथं बसावा, आणि दोन औषधं फसली की त्याच वर्षी चिठ्ठी देऊन रुग्ण पुढं पाठवावा.

या पोराला मोहरमात ताबुताला खांदा द्यायची फार हौस आहे. गावचा उंच ताबूत खांद्यावर असताना फिट आली तर, या धास्तीनं आई त्याला ओट्यावरच बसवते. पोराला दाखवायला मुंबईची तारीख आता मिळाली आहे. गेल्या तीन वर्षांची कॅलेंडरं तिनं रद्दीत घातली नव्हती. ती गुंडाळून फाइलसोबत पिशवीत ठेवायला मी सांगितलंय, आणि पुढची फिट आली की थोरल्या बहिणीनं मोबाइलवर त्या फिटचा व्हिडिओ घ्यायचा, हेही ठरलंय.