टाइमपास नव्हे, ट्रीटमेंट!

फ्रायडेला ऑफिस सुटलं की तुम्ही फ्रेंड्सबरोबर बोलिंग खेळायला जाता. का? ‘फ्रेश व्हायला.’ मग आजारी माणसाला फ्रेश व्हायला नको?

गेल्या वर्षी मामाला स्ट्रोक आला. उजवा हात लुळा पडला. डिस्चार्जच्या वेळी मिळाली गोळ्यांची यादी आणि एक रबरी बॉल. दिवसातून पन्नासदा दाबायचा. दोन दिवसांत मामा वैतागला. ‘‘हात सुधारून करायचंय काय मला?’’ आमच्याकडे उत्तर नव्हतं.

मामा म्हणजे चाळीतला कॅरमचा बादशहा! म्हणून आम्ही बोर्ड मांडला. स्वारी खुलली. पण क्वीन घ्यायला वाकला आणि खुर्चीतून कलंडलाच. नशीब, मामी शेजारी होती. बोर्ड पुन्हा माळ्यावर.

आयडिया बरोबर होती, पण आम्ही पडलो हौशी. ‘खेळायला कशाला हवा शिकलेला माणूस?’ असं म्हणणाऱ्यांनी इथे लक्ष द्यावं. रिक्रिएशन थेरपिस्ट आधी विचारतो, आजारापूर्वी काय आवडायचं? मग तोल, पकड, एकाग्रता तपासतो. त्याप्रमाणे खुर्ची आणि बोर्डाची उंची बदलतो. टार्गेट ठरवतो. आधी आधाराशिवाय एक डाव बसायचं, मग जिना उतरून मित्रांत जायचं. प्रगतीची नोंद ठेवतो, ती डॉक्टरांच्या टीमला देतो. फिजिओथेरपिस्ट हाताला ताकद देतो. रिक्रिएशन थेरपिस्ट तो हात हलवायचं कारण परत मिळवून देतो.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांच्या हॉस्पिटलांत हे काम वाढलं. १९८१ पासून तिथे सर्टिफिकेट देणारी राष्ट्रीय संस्था आहे. डिग्री, इंटर्नशिप, मग परीक्षा. टाइमपास नाही बॉस!

आपल्याकडेही २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या अनुसूचीत, मूव्हमेंट थेरपिस्टच्या गटात, रिक्रिएशनल थेरपिस्टचं नाव आहे. म्हणजे कागदावर जागा झाली. आता ती वॉर्डात हवी. त्यासाठी कोर्स हवेत, हॉस्पिटलांत पोस्ट हव्यात आणि मेडिक्लेमवाल्यांनी त्याचं बिल पास करायला हवं.

तुम्ही एवढंच करा. घरच्या कुणाला डिस्चार्ज मिळत असेल, तर गोळ्यांबरोबर हेही विचारा, ‘‘यांना पुन्हा आवडीचं काही करायला कोण शिकवणार?’’ दहा जणांनी विचारलं, की अकराव्याला उत्तर मिळेल.

मामाचा बोर्ड अजून माळ्यावरच आहे. रोज एकदा तो तिकडे बघतो.